द्रुत न येणारं विलंबित

दिमित्री शोस्ताकोविचचं पंधरावं स्ट्रिंग क्वार्टेट मी पहिल्यांदा लावलं आणि तिसऱ्या मिनिटाला बंद केलं. एक व्हायोलिन एकाच स्वराभोवती घुटमळत होतं. मग एकेक करून बाकीची वाद्यं आली, तीही तिथेच घुटमळली. वाटलं, यात काही घडतच नाहीये.

आपला कान खरं तर संथपणाला सरावलेला. विलंबित ख्याल तासभर चालतो आणि सा बदलत नाही. पण तो ऐकताना आपल्याला ठाऊक असतं, की द्रुत येणार आहे. शोस्ताकोविचने १९७४ साली, आजारपणात लिहिलेल्या या शेवटच्या क्वार्टेटमध्ये सहा भाग आहेत आणि सहाही अडाजिओ, म्हणजे संथ. पाचवा भाग अंत्ययात्रेचा, तो तर 'अडाजिओ मोल्टो', आणखी संथ. सहाही भागांचा स्वराधार एकच, ई-फ्लॅट मायनर. पाश्चात्त्य क्वार्टेटमध्ये संथ भागाला सहसा जलद भागांची सोबत असते, स्वराधारही बदलतो. इथे पस्तीसेक मिनिटं सुटका नाही.

या स्वराधाराची एक गंमत आहे. व्हायोलिन, व्हिओला आणि चेलो मिळून मोकळ्या तारांचे स्वर पाच: सी, जी, डी, ए, ई. ई-फ्लॅट मायनरच्या मूळ सात स्वरांत यातला एकही नाही. त्यामुळे न छेडलेल्या तारा आपोआप गुंजून साथ देतात, ती साथ इथे फारशी मिळत नाही. तंबोरा बंद करून गायला बसावं, तसा आवाज कोरडा आणि झाकोळलेला राहतो. उदासी आधी वाद्यांच्या लाकडातच शिरते.

मी पुन्हा पुन्हा ऐकतो ते फिट्झविल्यम क्वार्टेटचं, सत्तरच्या दशकातलं ध्वनिमुद्रण. हे चौघे तेव्हा तरुण इंग्लिश वादक होते. १९७२ मध्ये त्यांचं वादन ऐकायला शोस्ताकोविच स्वतः यॉर्कला गेला होता. पहिल्या भागात ते स्वराला फारसा कंप देत नाहीत. कंप दिला की स्वर लगेच हळवा होतो. इथे तो नुसता उभा राहतो आणि 'दुःखी व्हा' असं सांगत नाही. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला बारा सुटे स्वर आहेत. प्रत्येक अगदी हळू उमटतो आणि किंकाळीपर्यंत फुगतो. तिथे मात्र मला हे वादन किंचित सभ्य वाटतं. किंकाळी जास्त ओरबाडणारी हवी होती.

तरी लय ते सोडत नाहीत, हे महत्त्वाचं. कंटाळा येईल या भीतीने जरा पुढे ढकलणं सोपं होतं. आपण पॉडकास्ट दीडपट वेगाने ऐकणारी माणसं. दुःख मात्र त्या वेगाने संपत नाही, हे मला या चौघांनी पटवलं. शेवटी अंत्ययात्रेचा ठेका व्हिओलावर पुन्हा येतो आणि विरून जातो. द्रुत येत नाही. एव्हाना आपण त्याची वाट बघणं सोडलेलं असतं.