मलिक-इ-मैदान तोफेचें तांबें : परंड्याच्या कांहीं आख्यायिकांचें परीक्षण

धाराशिव जिल्ह्यांतील परंड्याचा किल्ला पाहावयास गेलेल्या जिज्ञासूस, विजापूरची प्रसिद्ध मलिक-इ-मैदान तोफ पूर्वीं येथें होती, ही गोष्ट हटकून ऐकावयास मिळते. गोष्ट खरी आहे. इ. स. १६०० मध्यें अहमदनगर पडल्यावर निजामशाहीनें कांहीं काळ परंड्यास राजधानी केली, आणि १६३२ मध्यें आदिलशाही मुत्सद्दी मुरार जगदेव यानें ही तोफ येथून विजापुरास नेली. परंतु या खऱ्या गोष्टीभोंवतीं ज्या कथा जमल्या आहेत, त्या आमचे लेखक एकमेकांच्या ग्रंथांतून उतरून घेतात. खुद्द धातूस कोणी विचारीत नाहीं. ताम्रपट हातीं आला कीं त्याचें वजन, कडी व मुद्रा आपण नोंदवितों. मग लेख कोरलेल्या तोफेसच ही शिस्त कां नसावी?

पहिली समजूत अशी कीं तोफ पंचधातूची आहे, म्हणूनच ती गंजत नाहीं. ही निराधार होय. तिच्या धातूचें पृथक्करण पूर्वींच प्रसिद्ध झालें असून त्यांत शंभर भागांत तांबें ८०.४२७ व कथील १९.५७३ निघालें. सोनें नाहीं, रुपें नाहीं. हें उघड उघड कांसें आहे. न गंजण्याचेंहि नवल नको. गंज हा लोखंडाचा धर्म आहे, तांब्याच्या मिश्रणावर जो थर बसतो तोच खालच्या धातूस राखतो. खरें नवल निराळेंच आहे. युरोपांतील ओतारी तोफेसाठीं दहा भाग तांब्यास सुमारें एक भाग कथील घेत. येथें तें जवळजवळ दुप्पट आहे. एवढें कथील घातलें म्हणजे धातु घंटेसारखी कठीण पण ठिसूळ होते. मग ओतणाऱ्यानें असें कां केलें? आमच्या मतें उत्तर भट्टींत आहे. निर्भेळ तांबें वितळण्यास सुमारें १०८५ अंश उष्णता लागते. हें मिश्रण ९०० अंशांच्या आसपासच पातळ होतें व सांच्याच्या कानाकोपऱ्यांत नीट भरतें. तोंडाशीं हत्तीस गिळणारें श्वापद ज्यास उमटवावयाचें, त्यास हें सोयीचें. ठिसूळपणाचा दोष त्यानें भिंतीच्या जाडीनें झांकला : बाहेरचा व्यास सुमारें ४ फूट ११ इंच, नळी मात्र २ फूट ४ इंच.

वजन ५५ टन सांगतात. हा आंकडा फुगविलेला असावा असें कोणासहि वाटेल. म्हणून हिशेब करून पाहिला. लांबी सुमारें १४ फूट ४ इंच. बाहेरचें घनमाप २७२ घनफूट येतें; नळी आरपार धरून ६१ वजा केले तरी २११ उरतात. या धातूचा घनफूट सुमारें ५४३ पौंड भरतो, म्हणजे ५१ इंग्रजी टन झाले. नळी अर्थातच आरपार नाहीं, तेव्हां ५५ टन अगदीं संभाव्य ठरतात. (ज्या मुरारपंतानें तुळापुरास नावेंत हत्ती तोलल्याची कथा सांगतात, त्यास ही रीत पसंत पडली असती!) या हिशेबानें एकटें तांबेंच ४४ टन होतें. त्या काळीं पोर्तुगीज मिरीच्या मोबदल्यांत युरोपचें तांबें हिंदुस्थानांत आणीत, आणि चौल तर निजामशाहीच्याच किनाऱ्यावर. संबंध असावा असा आमचा तर्क आहे. पुराव्याच्या अभावीं तो तर्कच समजावा.

तालिकोटच्या (१५६५) लढाईंत या तोफेंतून तांब्याच्या पैशांच्या थैल्या उडविल्या, ही कथा अधिक तपासून घेतली पाहिजे. फिरिश्ता सुमारें चाळीस वर्षांनीं लिहितो. त्याच्या वर्णनांत चेलेबी रूमीखानाचा तोफखाना आहे व पैसेहि आहेत. ते या एका तोफेस चिकटविण्याचें काम पुढील दंतकथेनें केलेलें दिसतें. तोफेवरील लेखांत ओतणाऱ्याचें नांव महंमद बिन हसन रूमी व साल हिजरी ९५६ (इ. स. १५४९) आहे. ‘रूमी’ हें केवळ देशवाचक विशेषण. तेवढ्यावरून हे दोन पुरुष एक मानणें आम्हांस मान्य नाहीं. हिजरी १०९७ चा दुसरा लेख औरंगजेबाच्या विजयाचा आहे, त्याचा या प्रश्नाशीं संबंध नाहीं.

१८५४ मध्यें सरकारनें विजापूरची निरुपयोगी म्हणून जी सामग्री लिलावास काढली, तींत ही तोफहि होती. सर्वांत मोठी बोली आली १५० रुपये! एवढ्या कांशाची ही किंमत नव्हे. तें फोडून वाहून नेण्याच्या खर्चाची ती वजाबाकी होती. लोक तोफेस भजतात हें पाहून विक्री रद्द झाली. म्हणजे जिच्याविषयींच्या खोट्या कथा आपण खोडीत आहों, ती तोफ वांचविण्यास लोकांची श्रद्धाच कामीं आली, हेंहि नमूद केलें पाहिजे.

राहिली ‘कडक बिजली’. ही जोडीची तोफ वाटेंत नदींत बुडाली म्हणतात. कोणी भीमा सांगतो, कोणी कृष्णा. पैकीं कृष्णा विजापूरच्या दक्षिणेस वाहते. परंड्याहून येणाऱ्या गाड्यास ती आडवी येतच नाहीं. कथेंत तथ्य असल्यास शोध सीना व भीमा यांच्या जुन्या उतारांपाशीं घ्यावा.