रहस्य उलगडल्यानंतरचा ‘पाठलाग’

रहस्यकथेवर आधारलेल्या चित्रपटाविषयी प्रेक्षकांचे मत बहुधा चित्रगृहाच्या दारातच ठरते. शेवटपर्यंत काही कळले नाही, तर चित्रपट उत्तम. मध्यंतराआधीच सारे ओळखता आले, तर फसला. त्यातही मूळ कादंबरी वाचलेला प्रेक्षक वेगळाच असतो. त्याला रहस्य ठाऊक असल्याने तो पडद्यावर केवळ काय गाळले आणि काय बदलले एवढेच पाहत बसतो. राजा परांजपे यांच्या ‘पाठलाग’ (१९६४) या चित्रपटाच्या संदर्भात हे सर्व निकष पुन्हा तपासून पाहण्याजोगे आहेत. हा चित्रपट जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवरून काढला होता. ज्यांनी तो अद्याप पाहिलेला नाही, त्यांना सूचना एवढीच, की पुढील विवेचनात त्याचे रहस्य सांगणे अपरिहार्य आहे.

प्रथम नावाचाच विचार करू. ‘आशा परत येते’ हे नाव म्हटले तर व्यक्तीचे, म्हटले तर भावनेचे. परंतु कथेचा शेवट त्यात जवळजवळ उघडपणे सांगितलेला आहे. रहस्यकादंबरीने असे का करावे? चित्रपटाने मात्र ते नाव बाजूला ठेवून ‘पाठलाग’ हा शब्द निवडला. कोण कोणाचा पाठलाग करीत आहे, हा प्रश्न त्याने प्रेक्षकावर सोपविला. कादंबरी वाचकाला आश्वासन देते, चित्रपट प्रेक्षकाला संशयात ठेवतो. माध्यमांतरातील पहिला बदल असा मुखपृष्ठावरच घडला आहे.

कथेचा गाभा थोडक्यात असा. एका वकिलाची पत्नी निधन पावली आहे. तिच्या दुःखातून तो सावरलेला नसतानाच दरोडेखोरांच्या टोळीतील म्हणून पकडलेली, हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी एक स्त्री न्यायालयात उभी राहते आणि ‘मीच यांची पत्नी’ असे सांगू लागते. ‘लाखाची गोष्ट’, ‘पेडगावचे शहाणे’, ‘जगाच्या पाठीवर’ अशा चित्रपटांनी घराघरांत पोहोचलेल्या परांजपे यांनी येथे निराळीच वाट धरली. काशिनाथ घाणेकर आणि भावना यांच्या भूमिका, गदिमांची गीते, दत्ता डावजेकरांचे संगीत आणि कृष्णधवल छायाप्रकाशाचा खेळ यांमुळे चित्रपट गाजला. राष्ट्रीय पुरस्कारांत उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा मानही त्याला मिळाला. १९६५ मध्ये त्यावरून तमिळमध्ये ‘इदय कमलम’ निघाला आणि १९६६ मध्ये राज खोसला यांचा ‘मेरा साया’.

बुऱ्हाणपूरच्या मराठी घरांत या दोन चित्रपटांचा क्रम पुष्कळदा उलटा लागतो. घरात मराठी आणि बाजारात हिंदी अशी आपली रीत. त्यामुळे पुढच्या पिढ्यांना प्रथम भेटतो तो साधना आणि सुनील दत्त यांचा रंगीत ‘मेरा साया’, उदयपूरचे महाल, मदन मोहन यांचे संगीत आणि बरेलीच्या झुमक्याचे ते गाणे. त्या गाण्याची कीर्ती एवढी, की २०२० साली बरेली शहराने खरोखरच एक प्रचंड झुमका चौकात उभारला. मग कधीतरी ‘पाठलाग’ पाहण्यात येतो आणि अभिप्राय मिळतो : ‘हा तर मराठीतला मेरा साया!’ मुळालाच अनुकरण ठरविणारा हा अभिप्राय मनाला लागतो. मात्र त्याचे उत्तर ‘आमचा आधीचा’ एवढेच दिले, तर ते अपुरे होईल. आधीचा असणे हा इतिहास झाला. गुण तो नव्हे.

दुसरा आक्षेप जाणकारांचा असतो. जुळ्या बहिणीची युक्ती सोपी आहे, असे ते म्हणतात. मृत झाली ती बहीण आणि न्यायालयात उभी आहे ती खरी पत्नी, हा उलगडा कोड्याचे उत्तर म्हणून खरोखरच साधा आहे. पण हीच कथा रहस्य ठाऊक असताना पुन्हा पाहावी. पहिल्या वेळी आपण पतीच्या बाजूने बसलेले असतो आणि ही स्त्री त्याच्या घरातील खाजगी गोष्टी सांगते, तेव्हा ‘हिला हे कळले कसे?’ असे विचारतो. दुसऱ्या वेळी आपण आरोपीच्या पिंजऱ्यात उभे असतो. ‘मेरा साया’त मंगळसूत्राविषयीच्या प्रश्नापाशी ती अडते आणि कोसळते. पहिल्यांदा पाहताना ती लबाडी उघडी पडल्याची खूण वाटते. दुसऱ्यांदा कळते, की ती अडली ते ठाऊक नाही म्हणून नव्हे. त्यामागे पतीपासून लपविलेल्या बहिणीची सारी हकीकत आहे म्हणून. तेच मौन, पण त्याचा अर्थ पूर्ण उलटलेला. कोडे सुटल्यावर चित्रपट संपत नाही, तो तेथून अधिक गडद होतो.

येथे आल्फ्रेड हिचकॉक यांच्या ‘व्हर्टिगो’ची (१९५८) आठवण होणे साहजिक आहे. ब्वालो-नार्सेजाक या फ्रेंच लेखकद्वयाच्या कादंबरीत मृत स्त्रीसारख्या दिसणाऱ्या स्त्रीचे रहस्य अखेरीस उघड होते. हिचकॉकने ते चित्रपट संपण्याच्या बरेच आधी प्रेक्षकाला सांगून टाकले आणि ‘ती कोण?’ याऐवजी ‘त्याला कळल्यावर काय होईल?’ हा प्रश्न पुढे आणला. प्रदर्शनाच्या वेळी त्या चित्रपटाचे स्वागत थंडच झाले. २०१२ मध्ये ‘साइट अँड साउंड’च्या समीक्षक-कौलात मात्र तो सर्वश्रेष्ठ ठरला. सत्यजित राय यांनीही स्वतःच्याच ‘सोनार केल्ला’वरून चित्रपट करताना (१९७४) दुष्टांची ओळख लवकर करून दिली. परांजपे यांनी हे धाडस केले नाही. त्यांनी रहस्य राखले. म्हणूनच ‘व्हर्टिगो’ जे पहिल्याच भेटीत देतो, ते ‘पाठलाग’कडून मिळविण्यासाठी तो दोनदा पाहावा लागतो.

या कथेची उणीवही सांगितली पाहिजे. ‘मेरा साया’त पतीची खात्री पटते ती पत्नीच्या शब्दाने नव्हे, तर बहिणीच्या नवऱ्याच्या साक्षीने. जिवंत पत्नी समोर सर्व आठवणी मोजून दाखवीत असता त्याचा विश्वास आपल्या शोकावर अधिक असतो. शोकाचा हा हट्ट बुऱ्हाणपूरकरांना अपरिचित नाही. १६३१ मध्ये येथेच मुमताज महलचे निधन झाले, तापीपलीकडील आहुखान्यात प्रथम दफन झाले आणि पुढे शहाजहानचा शोक ताजमहालाच्या रूपाने जगभर गेला. पतीच्या शोकाला आपण नेहमीच निष्ठेचा पुरावा मानत आलो. मात्र त्या निष्ठेत खुद्द पत्नीचा शब्द ऐकू येईनासा होऊ शकतो, ही शंका या कथेने जन्माला घातली आणि अखेरच्या मीलनात घाईने विझवून टाकली. तेथे थोडे थांबण्याचे धैर्य दाखविले असते, तर रहस्यपटाची शोकांतिका झाली असती.

ओळख कशाने सिद्ध होते, कागदाने, स्मृतीने की परक्याच्या साक्षीने, हा प्रश्न आपल्यासारख्या पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर नांदलेल्या कुटुंबांना नवा नाही. पुण्या-मुंबईकडे गेल्यावर आपल्या बोलीवरून ‘तुम्ही मराठी?’ असे विचारले जातेच. तेव्हा आपण आठवणीच पुढे करतो : सणांच्या, पंगतींच्या, पुस्तकांच्या. ‘पाठलाग’ ही त्यांपैकीच एक ठेव आहे. घरातील मुलांना तो ‘मेरा साया’च्या आधी दाखवावा, आणि ज्यांनी क्रम उलटा लावला आहे त्यांनी, शेवट ठाऊक आहे म्हणून मागे न सरता, त्या स्त्रीच्या बाजूला बसून तो पाहावा.