वर्ग शांत झाला. मूल शिकले का?

माझ्या मावसबहिणीचा मुलगा तिसरीत होता तेव्हाची गोष्ट. शाळेने तिला बोलावून घेतले आणि सांगितले, ‘‘मुलगा हुशार आहे, पण जागेवर बसत नाही. डॉक्टरांना दाखवा. यावर गोळ्या असतात.’’ संध्याकाळी तिचा फोन आला. ‘‘दादा, तू डॉक्टर आहेस ना? मग सांग, द्यायची का गोळी?’’ मी डॉक्टर आहे तो पीएच.डी.चा, गोळ्या देण्याचा नव्हे. तरी शोधनिबंध वाचणे हे माझे रोजचे काम. ‘‘आठ दिवस दे,’’ असे म्हणून मी वाचायला बसलो.

आठ दिवसांत माझ्यासमोर दोन ढीग तयार झाले. पहिल्या ढिगातले लेखक म्हणत होते की हा मेंदूतील रसायनांच्या कमतरतेचा आजार आहे आणि मधुमेह्याला जसे इन्शुलिन तशी या मुलांना ही गोळी. दुसऱ्या ढिगातले म्हणत होते की आजार वगैरे काही नाही. खोडकरपणाला दिलेले हे वैद्यकीय नाव आहे, त्यात औषध कंपन्यांचा फायदा आणि शाळांची सोय आहे. गंमत अशी की दोन्ही बाजू बरेचदा त्याच त्या प्रयोगांचे दाखले देतात. एकच प्रयोग दोन विरुद्ध निष्कर्षांना कसा पुरतो? या लेखात तेवढेच तपासायचे आहे. एखाद्या मुलाला औषध द्यावे की नाही, हा निर्णय पालक आणि बालमनोविकारतज्ज्ञ यांचा. पण या वादात शिक्षकही एक महत्त्वाचा पक्ष आहे, आणि ते त्याला सहसा कोणी सांगत नाही.

गुण आला म्हणजे आजार सिद्ध झाला?

ज्या स्थितीबद्दल हा वाद आहे तिला अवधान-न्यूनता व अतिचंचलता विकार, थोडक्यात एडीएचडी, म्हणतात. लक्ष न टिकणे, सतत चुळबुळ, विचार करण्याआधीच कृती करून मोकळे होणे ही तिची लक्षणे. ती सहा महिन्यांहून अधिक काळ, घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात, बारा वर्षे वयाच्या आत सुरू झालेली असावी लागतात, आणि त्यांमुळे मुलाचे खरोखर अडत असले पाहिजे.

औषधाची कथा सुरू होते १९३७ साली. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात चार्ल्स ब्रॅडली नावाचे डॉक्टर वर्तनसमस्या असलेल्या मुलांच्या रुग्णालयात काम करीत. मेंदूची क्ष-किरण तपासणी करण्यासाठी तेव्हा पाठीच्या कण्यातील द्रव काढावा लागे आणि मुलांचे डोके भयंकर दुखे. त्यावर उपाय म्हणून त्यांनी बेन्झेड्रिन हे उत्तेजक देऊन पाहिले. डोकेदुखीला फारसा उतार पडला नाही, पण तीस मुलांपैकी सुमारे निम्म्या मुलांचे शाळेतले काम एकदम सुधारले. मुले त्या गोळ्यांना गणिताच्या गोळ्या म्हणू लागली. पुढे १९४४ साली स्वित्झर्लंडमध्ये लिआंद्रो पानिझोन या रसायनशास्त्रज्ञाने मिथाइलफेनिडेट तयार केले. रिटॅलिन हे त्याचे व्यापारी नाव त्याच्या पत्नीच्या नावावरून आले. मेंदूतील चेतापेशींनी सोडलेले डोपामीन आणि नॉरअॅड्रेनलिन पुन्हा आत ओढले जाण्याच्या मार्गात हे औषध अडथळा आणते, त्यामुळे ही रसायने पेशींमधल्या फटीत अधिक काळ राहतात.

उत्तेजकाने चंचल मूल शांत व्हावे, हे उलटेच वाटते. त्यावरून अनेक वर्षे असा युक्तिवाद चालला की गोळीने मूल शांत झाले, त्याअर्थी त्याचा मेंदू वेगळा आहे. १९७८ साली जुडिथ रॅपोपोर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या युक्तिवादाची परीक्षा घेतली. त्यांनी कोणतीही तक्रार नसलेल्या चौदा मुलग्यांना उत्तेजकाची एक मात्रा दिली. त्यांचीही हालचाल कमी झाली आणि लक्ष सुधारले! म्हणजे गोळीचा परिणाम दिसणे हा निदानाचा पुरावा होऊ शकत नाही. चहा प्यायल्यावर तरतरी आली, यावरून अंगात चहाची कमतरता होती असे आपण म्हणत नाही. इन्शुलिनची उपमा म्हणूनच फसवी आहे. मधुमेहात काय कमी आहे ते मोजता येते. इथे एका मुलापुरते तसे काही मोजता येत नाही.

पण म्हणून दुसऱ्या ढिगाचे खरे ठरते का? ‘रक्ताची चाचणी नाही, म्हणून आजार नाही’ हा युक्तिवादही तितकाच लंगडा आहे. अर्धशिशीची तरी रक्ततपासणी कुठे आहे? जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून असे दिसते की माणसामाणसांत या लक्षणांबाबत जो फरक आढळतो त्यातील सुमारे सत्तर ते ऐंशी टक्के फरक आनुवंशिक फरकांशी निगडित आहे. नुकसानही खरे असते. स्वीडनमध्ये हे निदान झालेल्या पंचवीस हजारांहून अधिक व्यक्तींच्या नोंदी तपासल्या गेल्या. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, औषध चालू असलेल्या काळात त्याच व्यक्तींच्या हातून घडणाऱ्या गुन्ह्यांचे प्रमाण पुरुषांमध्ये ३२ टक्क्यांनी आणि स्त्रियांमध्ये ४१ टक्क्यांनी कमी आढळले. सगळा प्रकार बनावट म्हणणाऱ्यांनी या आकड्यांचे काय करायचे ते सांगायला हवे.

या स्थितीची तुलना करायचीच तर ती रक्तदाबाशी करावी. रक्तदाब सर्वांनाच असतो. कोणत्या आकड्याच्या पुढे त्याला विकार म्हणायचे ती रेषा आपण आखतो. रेषा माणसाने आखली म्हणून पलीकडचा धोका खोटा ठरत नाही. मात्र ती कोण आखतो, कशाच्या आधारे आखतो, हे विचारलेच पाहिजे.

एका मोठ्या प्रयोगाची दोन वाचने

दोन्ही बाजूंचा आवडता दाखला म्हणजे अमेरिकेतील एमटीए हा अभ्यास. त्यात सात ते दहा वर्षांच्या ५७९ मुलांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी चार गटांत विभागणी केली गेली. एका गटाला काळजीपूर्वक मात्रा ठरवून औषध, दुसऱ्याला पालक, शाळा आणि उन्हाळी शिबिर यांच्यामार्फत वर्तनोपचार, तिसऱ्याला दोन्ही, आणि चौथ्याला गावातल्या डॉक्टरांकडून मिळतील ते नेहमीचे उपचार. चौदा महिन्यांनी, १९९९ साली, निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मूळ लक्षणांच्या बाबतीत औषधाचे दोन्ही गट पुढे होते. लक्षणे जवळजवळ सामान्य पातळीवर आलेल्या मुलांचे प्रमाण नंतर काढले गेले ते असे: दोन्ही उपचार ६८ टक्के, केवळ औषध ५६, केवळ वर्तनोपचार ३४, नेहमीचे उपचार २५.

पहिल्या ढिगाचे वाचन इथेच थांबते. पण जरा शेवटचा आकडा पाहा. चौथ्या गटातल्या सुमारे दोन-तृतीयांश मुलांनाही औषध मिळतच होते! फरक औषधाच्या नावात नव्हता. देण्याच्या रीतीत होता. प्रयोगात मात्रा बारकाईने ठरवली जाई, दर महिन्याला मुलाची भेट होई, शिक्षकांकडून माहिती घेतली जाई. चिठ्ठी लिहून दिली आणि सहा महिन्यांनी या म्हटले, तर त्या ५६ टक्क्यांचा दाखला आपल्याला देता येणार नाही. शिवाय या प्रयोगात प्लॅसिबोचा, म्हणजे दिसायला तशीच पण औषध नसलेल्या गोळीचा, गट नव्हता. आणि लक्षणांची नोंद करणाऱ्या पालकांना व शिक्षकांना कोणाला काय मिळते ते माहीत होते.

दुसऱ्या ढिगाचे वाचन २००७ पासून सुरू होते. तीन वर्षांनी पाहिले तेव्हा चारही गटांतील फरक मिटलेला होता. ‘पाहा, औषध निरुपयोगी!’ अशी आरोळी उठली. पण चौदा महिन्यांनंतर प्रयोगातले उपचार संपले होते आणि कुटुंबे आपापल्या मर्जीने वागत होती. औषधाच्या गटातील अनेकांनी ते सोडले, वर्तनोपचाराच्या गटातील अनेकांनी ते सुरू केले. गट सरमिसळ झाल्यावर फरक दिसला नाही, यावरून औषध निकामी ठरत नाही. तसेच ते वर्षानुवर्षे उपयोगी पडते हेही ठरत नाही. यातून इतकाच अर्थ निघतो की थोड्या काळाच्या फायद्याचा पुरावा भक्कम आहे, दीर्घ काळाचा तसा नाही. २०१५ साली मिथाइलफेनिडेटवरील १८५ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा त्या चाचण्यांचा सरासरी काळ भरला अवघा ७५ दिवस. आणि मुले गोळ्या घेतात वर्षानुवर्षे. भूक मंदावणे, झोप उडणे हे परिणाम लगेच दिसतात. एमटीएमधील मुले मोठी झाल्यावर असे आढळले की ज्यांनी औषध दीर्घकाळ घेतले त्यांची उंची नगण्य औषध घेतलेल्यांपेक्षा सरासरी सुमारे अडीच सेंटिमीटर कमी होती.

भरलेली वही आणि शिकलेला धडा

आता आपल्या, म्हणजे शिक्षकांच्या, विषयाकडे येऊ. गोळीने मूल अधिक शिकते का? २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात विल्यम पेलहॅम आणि सहकाऱ्यांनी उन्हाळी शिबिरात ७ ते १२ वर्षांच्या १७३ मुलांना खरोखरीचे धडे शिकवले. प्रत्येक मुलाला एका टप्प्यात औषध मिळाले, दुसऱ्यात प्लॅसिबो. औषध चालू असताना मुलांनी दर मिनिटाला ३७ टक्के अधिक गणिते सोडवली आणि वर्गातील नियमभंग तासाला ५३ टक्क्यांनी घटले. पण धड्यावरच्या परीक्षेत? मुले औषधावर जितकी शिकली, जवळपास तितकीच औषधाविना शिकली.

हा निष्कर्ष कोणत्याच ढिगाच्या सोयीचा नाही. वर्गात बोलणी न खाणे, मित्र न गमावणे, हाती घेतलेले काम पुरे होणे, हे काही लहान फायदे नव्हेत. पण वर्ग शांत झाला म्हणजे मूल शिकू लागले, हे गृहीतक इथे टिकत नाही. शांत बसणे डोळ्यांना दिसते, शिकणे मुद्दाम मोजावे लागते. आणि आपण सोपे तेच मोजून थांबतो.

मोजपट्टीतला दोष

राहिला प्रश्न मोजपट्टीचा. ‘नेहमी, कधीकधी, क्वचित’ अशा खुणा करण्याच्या ज्या प्रश्नावल्या शिक्षकांकडे येतात, त्यांतली सर्वांत प्रसिद्ध कीथ कॉनर्स यांची. ती १९६९ सालची. म्हणजे निदानाचे एक मुख्य उपकरण शिक्षक आहे. कोणत्याही उपकरणाबाबत प्रयोगशाळेत पहिला प्रश्न विचारतात: त्यात पद्धतशीर दोष आहे का?

कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात शाळाप्रवेशाची सीमा ३१ डिसेंबर असते. म्हणजे डिसेंबरात जन्मलेले मूल वर्गात सर्वांत लहान आणि जानेवारीतले सर्वांत मोठे. तिथल्या सुमारे नऊ लाख अडतीस हजार मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. २०१२ च्या या अभ्यासात डिसेंबरात जन्मलेल्या मुलग्यांना हे निदान मिळण्याची शक्यता जानेवारीतल्यांपेक्षा ३० टक्क्यांनी आणि औषध मिळण्याची ४१ टक्क्यांनी अधिक निघाली. मुलींमध्ये तफावत याहून मोठी होती. २०१८ साली अमेरिकेतही, प्रवेशाची सीमा १ सप्टेंबर असलेल्या राज्यांत, ऑगस्टमधल्या मुलांत दहा हजारी ८५ आणि सप्टेंबरमधल्यांत ६४ निदाने आढळली.

मेंदूचा विकार कॅलेंडर पाहून येत नाही. आपण त्या मुलाची तुलना त्याच्याहून अकरा महिन्यांनी मोठ्या मुलांशी केली, एवढेच झाले. सहाव्या वर्षी अकरा महिने म्हणजे आयुष्याचा जवळजवळ सहावा हिस्सा! डेन्मार्कमध्ये अपरिपक्व मुलाला वर्षभर उशिरा शाळेत घालण्याची पद्धत आहे, तिथे ही तफावत फारशी आढळली नाही. आणि असला दोष मोजमापे वाढवून जात नाही. शंभर शिक्षकांनी एकाच वाकड्या पट्टीने मोजले तर सरासरीही वाकडीच येणार. अमेरिकेत २०२२ साली ३ ते १७ वयाच्या ११.४ टक्के, म्हणजे सुमारे सत्तर लाख मुलांना कधी ना कधी हे निदान झालेले होते. स्वतः कॉनर्स यांनीच २०१३ साली निदानांच्या या वाढीवर कडक शब्दांत टीका केली होती.

मात्र तिकडची टीका जशीच्या तशी इकडे आणणे धोक्याचे आहे. आपल्याकडे अशा मुलांच्या वाट्याला गोळीपेक्षा छडी आणि ‘द्वाड’ हा शिक्का येण्याचा संभव अधिक. ज्याला खरोखर मदत हवी त्याला ‘हे सगळे परदेशी थोतांड’ म्हणून परत पाठवणे, हाही अन्यायच.

मग शिक्षकाने काय करावे? मुलाची जन्मतारीख पाहावी. कोणत्या तासाला, कोणत्या कामात, किती वेळा हे घडते याची दोन-तीन आठवडे नोंद ठेवावी. कान, डोळे, झोप आणि घरची परिस्थिती यांची चौकशी व्हावी असे पालकांना सुचवावे. जागा बदलून, काम लहान तुकड्यांत देऊन पाहावे. ‘गोळ्या असतात’ हे वाक्य मात्र आपण उच्चारू नये, आणि चालू असलेली गोळी बंद करण्याचा सल्लाही देऊ नये.

बहिणीला मी जवळजवळ हेच सांगितले. तिचा मुलगा वर्गात वयाने सर्वांत लहान निघाला. डॉक्टरांनी थांबून पाहू म्हटले, आणि एक वर्षात बरीच चुळबुळ कमी झाली. पण सगळी नाही. पाचवीत त्यांनी विचारपूर्वक औषध सुरू केले. आता त्याचा गृहपाठ पुरा होतो, भांडणे कमी झाली आहेत. परवा बहीण म्हणाली, ‘‘दादा, वही भरते रे, पण अपूर्णांक काही येत नव्हते. ते शेवटी त्याच्या बाईंनी शाळा सुटल्यावर कागदाच्या घड्या घालून शिकवले.’’