स्तुतीचे ऋण : विजयी मल्ल, पडलेला योद्धा आणि त्यांचे गाव

१

मराठी समीक्षेत ‘प्रासंगिक’ हे विशेषण बहुधा उणेपणा दाखविण्यासाठी योजले जाते. एखाद्या निमित्ताने, कोणाच्या तरी मागणीवरून, जमलेल्या समुदायासमोर म्हणण्यासाठी जी रचना होते तिच्यात कवीचा स्वत:चा अनुभव नसतो, आणि अनुभव नसल्यामुळे ती काव्य या पदवीला पोहोचत नाही, असा हा युक्तिवाद असतो. काव्य म्हणजे एका व्यक्तीचा आत्माविष्कार ही रोमँटिक धारणा त्याच्या मुळाशी आहे. ती एकदा गृहीत धरली की गावी परतलेल्या विजयी खेळाडूचा सत्कार आणि युद्धात पडलेल्या गावच्या सैनिकाला वाहिलेली श्रद्धांजली हे दोन्ही उद्गार वाङ्मयविचाराच्या कक्षेबाहेर पडतात.

वस्तुत: हे उद्गार फार जुने आहेत. ऋग्वेदातील दानस्तुती, नाराशंसी गाथा, शिलालेखांतील प्रशस्ती आणि पोवाडा या सर्वांत प्रसंग हा रचनेवर बाहेरून लादलेला नसतो. तोच रचनेचा आकार ठरवितो. या प्रश्नाचा उलगडा सर्वांत स्पष्टपणे होतो तो इ. स. पू. पाचव्या शतकातील ग्रीक वाङ्मयात. कारण तेथे दोन्ही उद्गारांना स्वतंत्र वाङ्मयप्रकारांचे रूप लाभले: विजेत्या क्रीडापटूसाठी ‘एपिनिकिऑन’ म्हणजे विजयगीत, आणि युद्धातील मृतांसाठी ‘एपिटाफिऑस लोगॉस’ म्हणजे अंत्यभाषण. दोहोंतही नगर आपल्यातल्याच माणसांविषयी बोलते. परंतु त्या माणसांच्या नावाचे काय करावयाचे, याबाबत दोन्ही प्रकार एकमेकांच्या विरुद्ध दिशांना जातात. या विरोधातूनच स्तुतीच्या मूल्यमापनाचा एक निकष हाती लागू शकतो.

२

पिंडारची (इ. स. पू. सु. ५१८–४३८) पंचेचाळीस विजयगीते आज उपलब्ध आहेत. ऑलिम्पिया, डेल्फी, नेमिया आणि इस्थमस या चार ठिकाणच्या उत्सवांतील विजेत्यांसाठी, मोबदला घेऊन, ती रचली गेली. बहुतेक गीतांत विजेत्याचे नाव, पित्याचे किंवा कुळाचे नाव, नगराचे नाव आणि स्पर्धेचा प्रकार ही माहिती येतेच. कधी कधी प्रशिक्षकाचेही नाव येते. दीर्घकाळ या माहितीकडे काव्यावरचे ओझे म्हणून पाहिले गेले. उपमा आणि पुराणकथा हे खरे काव्य, आणि नावगाव ही आश्रयदात्याची भरपाई, अशी विभागणी अभ्यासक करीत असत. १९६२ मध्ये एलरॉय बंडी याने ही विभागणीच नाकारली. गीताचा प्रत्येक घटक, अगदी वाटेल तसे भटकल्यासारखा दिसणारा भागसुद्धा, स्तुतीच्या संकेतव्यूहात आपले काम बजावत असतो, हे त्याने दाखवून दिले. त्यानंतर पिंडारच्या वाचनाची दिशाच बदलली.

या संकेतव्यूहाच्या मध्यभागी ऋणाची कल्पना आहे. विजेत्याने श्रम केले, कुळाने धन खर्चिले, म्हणून गीत हे देणे आहे. ते वेळेवर फेडले नाही तर कवीला लाज वाटावी, असे पिंडार वारंवार सुचवितो. लेस्ली कर्क यांनी १९९१ च्या आपल्या ग्रंथात या ऋणविचाराचा सामाजिक अर्थ उलगडला. विजेता परततो तेव्हा तो पूर्वीचा राहिलेला नसतो. तो इतरांहून वेगळा, म्हणून मत्सराचा विषय झालेला असतो. त्याला आपल्या घरात, आपल्या वर्गात आणि आपल्या नगरात पुन्हा सामावून घेणे हे विजयगीताचे कार्य होय. कवी एका माणसाची स्तुती करतो आणि ती करता करता त्याचे यश पितरांना, कुळाला, नगराला वाटून देतो. नावांची माळ ही त्या वाटपाची नोंद आहे.

अर्थात ही व्यवस्था निरपराध नव्हे. शरीरबळाने नगराची सुव्यवस्था वाढत नाही, मग मल्लाला एवढा मान कशासाठी, असा प्रश्न झेनोफनीजने पिंडारच्या आधीच उपस्थित केला होता. पिंडारलाही स्तुतीची दुसरी बाजू दिसत होती. एजिनाच्या ॲरिस्टोमेनीस या मल्लासाठी इ. स. पू. ४४६ मध्ये रचलेल्या आठव्या पायथियन गीतात तो विजेत्यावरची नजर क्षणभर काढून हरलेल्यांकडे वळवितो. त्यांच्या परतण्याला उत्सव नाही, आईच्या चेहऱ्यावर हसू नाही, ते आडवाटेने तोंड चुकवीत घरी जातात. सत्काराची मिरवणूक कोणत्या रस्त्याने जात नाही, हे सत्काराच्या गीतातच सांगितले गेले आहे.

३

अथेन्सचे अंत्यभाषण या व्यवस्थेच्या दुसऱ्या टोकाला उभे आहे. थ्यूसिडिडीजने या विधीचे जे वर्णन केले आहे त्यानुसार मृतांच्या अस्थी तीन दिवस ठेवल्या जात. आप्त त्यांना काय वाहायचे ते वाहत. नंतर सुरूच्या लाकडाच्या दहा पेट्या निघत, नागरिकांच्या दहा गणांपैकी प्रत्येकाची एक. ज्यांचे देह सापडले नाहीत त्यांच्यासाठी एक रिकामी शिबिका सजवून नेली जाई. दफन सार्वजनिक स्मशानभूमीत होई आणि त्यानंतर नगराने निवडलेला वक्ता बोले. इ. स. पू. ४३१–३० च्या हिवाळ्यात हे काम पेरिक्लीजकडे आले.

थ्यूसिडिडीजने दिलेल्या रूपात या भाषणात एकाही मृताचे नाव नाही, एकाही लढाईचे वर्णन नाही. बहुतेक भाषण अथेन्सविषयी आहे: तिची राज्यपद्धती, तिचा मोकळेपणा, तिचे धैर्य. असे नगर होते म्हणून असे मरण झाले, हा त्याचा तर्क. निकोल लोरो यांनी १९८१ मध्ये दाखविल्याप्रमाणे या वाङ्मयप्रकाराने मृतांची स्तुती करता करता एक ‘अथेन्स’ घडविले. दगडावरील मृतांच्या याद्याही याच व्याकरणाला धरून आहेत. एरवी अथेन्सचा नागरिक अधिकृतपणे स्वत:चे, पित्याचे आणि गावाचे अशा तीन नावांनी ओळखला जाई; या याद्यांत गणाच्या मथळ्याखाली सामान्यत: केवळ त्याचे एकेरी नाव कोरलेले असे. मरणाने त्याला कुळापासून आणि गावापासून सोडविले होते आणि तो पूर्णपणे नगराचा झाला होता. त्यात समतेचा आशय नक्कीच आहे. उमराव आणि गरीब वल्हेकरी एकाच यादीत बसतात. पण त्यासाठी मोजलेली किंमतही तेवढीच स्पष्ट आहे.

भाषणाच्या अखेरीस पेरिक्लीज हिशेब मिटवितो. ज्यांचे वय आहे अशा मातापित्यांनी आणखी मुलांची आशा धरावी, विधवांनी आपले नाव पुरुषांच्या तोंडी येऊ देऊ नये, मृतांच्या मुलांना नगर ती मोठी होईपर्यंत पोसेल. या शेवटच्या तरतुदीसाठी तो स्पर्धेतील पर्णमुकुटाची प्रतिमा योजतो. नावे टाळणाऱ्या भाषणाने आपली समारोपाची प्रतिमा मात्र मल्लाच्या विजयगीताच्या सृष्टीतून उचलली आहे. त्यानंतर विलाप आटोपून निघण्याची सूचना येते. ऋण फेडले गेले असे नगराने जाहीर केलेले असते.

४

हे दोन प्रकार एकमेकांत मिसळले तर काय होते, याचे उत्तर पिंडारच्याच दोन गीतांत आहे. दोन्ही थिबीजमधील, म्हणजे कवीच्या स्वत:च्या गावच्या विजेत्यांसाठी आहेत.

चौथे इस्थमियन गीत मेलिससच्या विजयाचे. त्याच्या घराण्यातील चार पुरुष एकाच दिवशी युद्धात पडले होते. त्या दिवसाची प्रतिमा हिमवादळाची आहे, आणि मेलिससचा विजय त्यानंतर फुललेल्या वसंतासारखा. मात्र ती लढाई कोणती, हे पिंडार सांगत नाही. अभ्यासकांच्या तर्काप्रमाणे ती इ. स. पू. ४७९ ची प्लाटीआची लढाई असावी. तसे असेल तर हे चौघे इराणच्या बाजूने, उर्वरित ग्रीकांच्या विरुद्ध लढताना मेले. पेरिक्लीजच्या भाषणात अशा मृतांसाठी जागाच नाही, कारण तेथे मृतांचे मोल कार्याच्या मोलावर टांगलेले आहे. पिंडार कार्याविषयी मौन पाळतो आणि चूल रिकामी झाली एवढेच नोंदवितो. गावाची स्तुती राज्याच्या स्तुतीपासून नेमकी कोठे वेगळी होते, ते या मौनात दिसते. गीताच्या शेवटी हेराक्लीजच्या आठ मृत पुत्रांसाठी रात्रभर पेटविलेला अग्नी आणि दुसऱ्या दिवशी भरणारे क्रीडासामने येतात. मृतांची पूजा आणि खेळाडूंची स्पर्धा येथे एकाच विधीचे लागोपाठचे दोन दिवस आहेत.

सातवे इस्थमियन गीत याच्याही पुढे जाते. स्ट्रेप्सिआडीस हा पँक्रेशन या कुस्ती व मुष्टियुद्ध यांच्या मिश्र प्रकारातील विजेता. त्याच्या मामाचे नावही स्ट्रेप्सिआडीस, आणि मामा लढाईत आघाडीवर पडलेला. भाचा आपला मुकुट मामाशी वाटून घेतो. एकाच नावाखाली परतलेला आणि न परतलेला असे दोघे उभे राहतात. गीत थिबीजला तिच्या जुन्या वैभवांची आठवण करून देत सुरू होते, पण जुने वैभव झोपी जाते आणि माणसे विसरतात, या जाणिवेने लगेच वळते. मग निवेदक मेलेल्या मामालाच द्वितीयपुरुषी संबोधन करतो, आणि तेही पित्याच्या नावाने: डायोडोटसचा पुत्र. अथेन्सच्या यादीने जे नाव गाळले तेच येथे हाकेचे नाव होते. निवेदकाचे दु:ख असह्य होते, आता वादळानंतरची शांतता लाभली आहे, असेही तो म्हणतो. पण मामा परत आलेला नाही. मुकुट वाटून घेतला गेला तरी ऋण शिल्लक राहते, आणि गीत ते लपवीत नाही. ‘प्रासंगिक’ रचनेत अनुभव नसतो या आक्षेपाला यापेक्षा सबळ उत्तर शोधण्याची गरज नाही.

५

हा निकष घेऊन मराठी मुलुखाकडे वळले तर स्तुतीची आणखी निराळी व्याकरणे दिसतात. वीरगळावर बहुधा तळाशी झुंज, वर वीराला नेणाऱ्या अप्सरा आणि त्याहून वर शिवलिंगाची पूजा असे चढते पट असतात, माथ्यावर चंद्रसूर्य. महाराष्ट्रातील बहुसंख्य वीरगळांवर लेख नाही. उभारला गेला तेव्हा गावाला नाव ठाऊक होते, ते कोरण्याची गरज भासली नाही. पुढे नाव गेले आणि शेंदूर उरला. याउलट पहिल्या महायुद्धानंतर वसाहतसत्तेने अनेक गावांत बसविलेल्या दगडी पाट्यांवर गावाचे नाव असते, किती जण गेले आणि किती जण मेले यांचे आकडे असतात, माणसांची नावे बहुधा नसतात. वीरगळाचे मौन आणि या पाटीचे मौन यांत फरक करता आला पाहिजे. पहिले विस्मृतीतून आलेले आहे, दुसरे हिशेबातून.

मल्लाच्या स्तुतीची परंपरा मात्र मराठीत अखंड आहे, फक्त ती छापील पानावर सापडत नाही. कुस्तीच्या मैदानात निवेदक जोड पुकारतो तेव्हा मल्लाचे नाव, वस्तादाचे नाव, तालीम आणि गाव यांची साखळी तो हलगीच्या ठेक्यावर उभी करतो. पिंडारच्या चौथ्या इस्थमियन गीतात वस्ताद ऑर्सिआसचे नाव ज्या कारणासाठी येते त्याच कारणासाठी ही साखळी उच्चारली जाते: यश एकट्याचे नाही.

१९५२ साली हेलसिंकी येथे खाशाबा जाधवांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. कराडजवळच्या गोळेश्वरला ते परतले तेव्हा शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. या मिरवणुकीइतकीच दुसरी एक गोष्टही त्यांच्याविषयी सांगितली जाते. प्रवासाच्या खर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले होते, आणि परतल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे मैदान भरवून ते कर्ज फेडले. पिंडारच्या सृष्टीत विजेत्याचे ऋण कवी आणि नगर फेडतात. येथे विजेता स्वत:च गावाचे ऋण फेडतो, तेही पुन्हा आखाड्यात उतरून. खाशाबा १९८४ मध्ये अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर, २००० सालचा म्हणून मिळाला. मिरवणूक आणि पुरस्कार यांमधील अठ्ठेचाळीस वर्षांचे अंतर कोणत्याही गौरवपर भाषणात सहज बसत नाही. लोककथेने मात्र गहाण घर विसरू दिलेले नाही. या अर्थाने ती कथा पदकाच्या वर्णनापेक्षा अधिक प्रामाणिक विजयगीत आहे.

तेव्हा सत्कार आणि श्रद्धांजली यांच्याकडे पाहताना भावना खरी की खोटी, भाषा अलंकृत की साधी, हे प्रश्न दुय्यम ठरतात. नाव कोणते घेतले आणि कोणते गाळले, त्याला कोणाच्या नावाशी जोडले, हरलेला व न परतलेला यांना किती जागा दिली, आणि ऋण फिटले असे परस्पर जाहीर केले की ते वाचकाच्या नजरेसमोर उघडे ठेवले, हे विचारावे लागते. नगर आपल्या माणसाची स्तुती करते तेव्हा ते आपल्यावरच्या देण्याची कबुली देत असते. ही कबुली पुसून टाकणारी स्तुती समारंभाबरोबर संपते. ती जपणारी स्तुती, थिबीजच्या त्या दोन स्ट्रेप्सिआडीसांप्रमाणे, प्रसंग विसरला गेल्यावरही वाचली जाते.