'ऋतुचक्र' आणि आमचे ऋतुमान

ऋतुमानाप्रमाणे राहावे, हा उपदेश सुशिक्षित कुटुंबांत अलीकडे पुष्कळच ऐकू येतो. त्यासाठी कोष्टकेही तयार मिळतात. अमुक महिन्यात अमुक धान्य खावे, पावसाळ्यात हे वर्ज्य, हिवाळ्यात ते पथ्यकर, असे त्यांचे स्वरूप असते. परंतु असे कोष्टक भिंतीवर टांगून, खिडक्या लावून, वातानुकूलित खोलीत बसणारा गृहस्थ ऋतूंशी जुळवून राहतो, असे आमच्याने म्हणवत नाही. त्याचा आहार ऋतूचा झाला, पण ऋतूची ओळख काही झाली नाही. ही ओळख कशी होते, हे पाहावयाचे असेल तर वैद्यकाच्या पोथीपेक्षा एका ललित ग्रंथाकडे वळणे आम्हांस श्रेयस्कर वाटते. तो ग्रंथ म्हणजे श्रीमती दुर्गाबाई भागवत यांचे १९५६ साली प्रसिद्ध झालेले 'ऋतुचक्र' होय.

चैत्रापासून फाल्गुनापर्यंत प्रत्येक महिन्यावर एक लेख, अशी या पुस्तकाची योजना आहे. ऋतुवर्णन आमच्या वाङ्मयास नवे नव्हे. कालिदासाच्या नावावर असलेल्या 'ऋतुसंहारा'त ग्रीष्मापासून वसंतापर्यंत सहा सर्ग आहेत. तेथील निसर्ग बहुधा प्रणयी जनांच्या मनोवृत्तींस उद्दीपक म्हणून येतो. पुढील कवींनी तीच सामग्री इतक्या वेळा हाताळली की, कोकिळा कानांनी न ऐकताही वसंताचे वर्णन सुखाने करता येऊ लागले. दुर्गाबाई या उसन्या सामग्रीवर विसंबल्या नाहीत. त्यांच्या चैत्रात पिंपळाची पालवी आहे, आणि तिच्याच बरोबरीने घाणेरीची फुलेही आहेत.

या घाणेरीपाशी वाचकांनी क्षणभर थांबावे, अशी आमची विनंती आहे. ही वनस्पती मूळची अमेरिकेकडील. शोभेसाठी आणली गेली आणि पुढे रानोमाळ माजली. तिला ना पूजेत स्थान, ना काव्यात. नाव पाहावे तर तेही तुच्छतेचेच. अशा झुडपास चैत्राच्या वैभवात जागा देणे, हा केवळ रसिकतेचा प्रश्न नाही. ऋतू पोथीत लिहिल्याप्रमाणे नव्हे, तर दारापुढे दिसेल तसा स्वीकारावा, हे तत्त्व त्यात गर्भित आहे. उन्हाळ्यात आमच्या शहरांचे रस्ते लाल करणारा गुलमोहोरदेखील मूळचा मादागास्करचा. तो कालिदासास ठाऊक असणे शक्य नव्हते; म्हणून आमचा उन्हाळा त्यावाचून पुरा होतो, असे कोण म्हणेल?

ग्रंथाच्या गुणांबरोबर त्याच्या योजनेतील एक अडचणही सांगणे आमचे कर्तव्य आहे. महिन्यांची चौकट वाचकाच्या मनात एक खोटी निश्चिती उत्पन्न करते. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असते. ते सौर वर्षाहून जवळजवळ ११ दिवसांनी तोकडे पडते आणि ती तूट अधिक मासाने भरून काढावी लागते. २०२३ साली अधिक श्रावण १८ जुलैस लागला व निज श्रावण १७ ऑगस्टास सुरू झाला. झाडे काही अशा गणितासाठी खोळंबत नाहीत. त्यात आता हवामानाच्या पालटाची भर पडली आहे. मुंबईस मोसमी पाऊस येण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून मानतात. २०२५ साली तो २६ मेलाच दाखल झाला. त्या दिवशी पंचांगात वैशाख संपलाही नव्हता!

यावरून कोणी म्हणेल की, ऋतूच ठिकाणावर राहिले नाहीत, तेव्हा असले पुस्तक आता केवळ स्मरणरंजनापुरते उरले. हे मत आम्हांस सर्वथा अमान्य आहे. वैशाखाचे नित्य रूप ज्याने डोळे उघडे ठेवून पाहिलेले नाही, त्यास वैशाखातील पावसाचे अकालीपण कसे कळावे? त्याला रस्त्यात पाणी तुंबल्याचे तेवढे कळेल. बदल ओळखण्यासही आधी परिचय लागतो, आणि तो परिचय करून देण्याचे कार्य 'ऋतुचक्र' आजही करते.

जुन्या शास्त्रकारांचा आशयही कोष्टकवाल्यांस वाटतो तितका ताठर नव्हता. वाग्भटाने 'अष्टांगहृदया'त सरत्या ऋतूचे शेवटचे सात आणि येत्या ऋतूचे पहिले सात दिवस मिळून ऋतुसंधी मानला आहे. त्या काळात जुना आचार क्रमाक्रमाने सोडावा व नवा क्रमाक्रमाने धरावा, असा त्याचा आदेश आहे. आता, ऋतू सरत आला हे पाहिल्यावाचून हा संधी साधणार कसा? आचाराच्या आधी अवलोकन येते. कोष्टके पाठ करणाऱ्या पिढीने नेमका तोच भाग गाळला आहे.

म्हणून आमच्या वाचकांस आमची शिफारस अशी आहे की, हे पुस्तक एका बैठकीत वाचून संपवू नये. महिना लागला म्हणजे त्या महिन्याचा लेख घरात मोठ्याने वाचावा, मुलांस ऐकवावा आणि आपल्या गल्लीतील झाडांशी तो ताडून पाहावा. कित्येक ठिकाणी मेळ बसणार नाही. तेव्हा दोष लेखिकेसही देऊ नये आणि झाडासही देऊ नये. दिनांक घालून तो फरक वहीत टिपून ठेवावा.