दोन बाण आणि राख

काडीकचरा, बाण, वायू, पुन्हा बाण आणि शेवटी विमान. जैवभारापासून विमानाचे इंधन कसे बनते हे सांगणाऱ्या लेखांत ही आकृती आपल्याला वारंवार भेटते. सोबत ठरलेले विधान असते: सुधारित रिअ‍ॅक्टरमुळे हे आता साध्य झाले आहे. या मांडणीत खरी अडचण झाकली जाते, असा आमचा आक्षेप आहे.

दुसऱ्या बाणापुरते विधान बरोबर आहे. जैवभार अपुऱ्या ऑक्सिजनमध्ये तापवला की कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन मिळतात. त्यांपासून द्रव हायड्रोकार्बने बनवण्याची पद्धत फिशर आणि ट्रॉप्श यांनी जर्मनीत 1925 च्या सुमारास शोधली. या अभिक्रियेत कार्बन मोनॉक्साइडच्या दर मोलमागे सुमारे 165 किलोजूल उष्णता बाहेर पडते. ती वेळीच काढून घेतली नाही, तर इंधन कमी आणि मिथेन जास्त मिळतो. 'कॅन्स' नावाच्या नव्या रचनेत उत्प्रेरक लहान डब्यांत भरून ते डबे नळीत एकावर एक ठेवतात. त्यामुळे उष्णता काढणे सोपे जाते.

आता पहिला बाण पाहू. अमेरिकेत नेवाडा राज्यात फल्क्रम कंपनीने शहरी कचऱ्यापासून इंधन बनवण्यासाठी हीच रचना निवडली. डिसेंबर 2022 मध्ये तेथे कच्चे कृत्रिम तेल निघाले. पुढे वायू बनवणाऱ्या विभागात सिमेंटसारखा थर साचल्याच्या आणि आम्लाने यंत्रे गंजल्याच्या बातम्या आल्या. पैशाची अडचणही होतीच. सप्टेंबर 2024 मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

प्रयोगशाळेतला वायू शुद्ध असतो. काडीकचरा तसा नसतो. लाकडात राख साधारण 1 टक्का, तर भाताच्या तुसात 15 ते 20 टक्के असते. पेंढ्याच्या राखेत पोटॅशियम असल्याने ती लवकर मऊ होऊन भट्टीला चिकटते. वायूत थोडे गंधक राहिले तरी उत्प्रेरक निकामी होतो. म्हणून वायू स्वच्छ करण्याचा खर्च रिअ‍ॅक्टर कितीही सुधारला तरी टळत नाही.

शिक्षकांनी ही आकृती जरूर काढावी. मात्र आधी मोकळ्या जागेत, स्वतःच्या देखरेखीखाली, सारख्या वजनाचा लाकडाचा भुसा आणि भाताचे तूस पूर्ण जाळून दोन्हींची राख तोलून दाखवावी. मग पहिल्या बाणाखाली काय लिहायचे, ते मुलेच सांगतील.