मासवडीतला तीळ

मंचरहून भीमाशंकरकडे निघालं की घोडनदीच्या काठी घोडेगाव लागतं. जुन्नर-आंबेगावच्या या पट्ट्यात पाहुणचाराचा मान मासवडीचा. बाहेर बेसनाचं पिवळं कवच, आत तीळ, सुकं खोबरं, शेंगदाणे आणि लसणाचं सारण, सोबत झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी. तिच्या चवीबद्दल भरपूर बोललं जातं. पण हे ताट शरीर कसं वाचतं ते पाहिलं, की तिची खरी रचना उलगडते.

आधी बेसन. फोडणीच्या उकळत्या पाण्यात ते वैरायचं, गुठळी होऊ न देता घोटायचं, झाकण ठेवून दणदणीत वाफ काढायची आणि गरम असतानाच ओल्या फडक्यावर थापायचं. हात पोळतात, पण गोळा गार झाला तर वळताना वडी फुटते. त्या वाफेनं कच्चेपणा जातो, आणि आणखीही काही घडतं. स्वादुपिंडातून येणारं ट्रिप्सिन आतड्यात प्रथिनांची साखळी तोडतं. कच्च्या कडधान्यांत त्यालाच अडवणारे रोधक असतात. मुंबईच्या विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी यांनी १९५०च्या दशकात अशा रोधकांचा अभ्यास केला. उष्णतेनं हे रोधक बरेचसे निकामी होतात, म्हणजे पचनाची वाट चुलीवरच मोकळी झालेली असते.

मग सारण. माझ्या मते मासवडीचं सगळं मर्म तिळात आहे. शरीराची प्रथिनं वीस अमिनो आम्लांची बनतात. त्यांतली नऊ शरीराला स्वतः बनवता येत नाहीत, ती ताटातूनच यावी लागतात. आणि एक जरी कमी पडलं तरी बाकीच्यांचा उपयोग तेवढ्यापुरताच होतो. बाजरीत लायसिन कमी, ते हरभऱ्यात भरपूर. हरभऱ्यात मेथिओनिन कमी, ते तिळात भरपूर. पिठलं-भाकरीत ही जोडी अर्धीअधिक जमलेलीच असते, भाताच्या गावांत वरणभातात जमते. मासवडीनं तीळ भरून ती पुरी केली.

शरीर मात्र इतक्या निगुतीनं वळलेली वडी जशीच्या तशी ठेवत नाही. जठरातलं आम्ल प्रथिनांच्या घड्या उलगडतं, पेप्सिन आणि पुढे ट्रिप्सिन तुकडे पाडतात, सुटी अमिनो आम्लं यकृतात पोचतात. मग पेशीपेशीतले रायबोसोम जनुकांच्या निरोपाप्रमाणे ती नव्या क्रमानं ओवतात: कुठे स्नायू, कुठे हिमोग्लोबिन, कुठे पुन्हा ट्रिप्सिनच. त्यात हरभरा ओळखू येत नाही.

मोडतोड इथेही थांबत नाही. प्रौढ शरीर रोज स्वतःचंच अडीचशे-तीनशे ग्रॅम प्रथिन मोडतं आणि साधारण तेवढंच नव्यानं बांधतं. टाकाऊ प्रथिनावर युबिक्विटिनची खूण लागते आणि प्रोटिआसोम त्याचे तुकडे करतो. हे उलगडणाऱ्या सिकॅनोव्हर, हर्शको आणि रोझ यांना २००४चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. सुटलेली बहुतेक आम्लं पुन्हा कामाला लागतात, थोडी जळून जातात. ती तूट भरायला वजनाच्या किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिन लागतं, असं आपले आहारशास्त्रज्ञ सांगतात; ५५ किलोच्या बाईला सुमारे ४६ ग्रॅम. चरबीसारखी साठवणीची सोय प्रथिनाला नाही, ते रोजच्या रोज हवं. म्हणूनच पाहुण्यांच्या ताटात वड्या आणि हात पोळून त्या थापणारीच्या वाट्याला उरलेला रस्सा, ही वाटणी मला फार खुपते.

जळलेल्या आम्लांतल्या नायट्रोजनचा यकृत युरिया करतं, मूत्रपिंडं तो बाहेर टाकतात. शेतकरी बाजरीला गोणीतून घालतो तोच हा रेणू. हरभऱ्याला त्याची फारशी गरज पडत नाही. त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडून पिकाला देतात, आणि बेसनातलं प्रथिन बरंचसं त्यावरच तयार होतं.